शाळेतले अन्न: दान की ठेव?

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्हा सातपुड्याच्या कुशीत महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. तेथील धूलकोटसारख्या आदिवासीबहुल भागात प्राथमिक शाळा म्हणजे केवळ अक्षरओळखीची जागा नसते. पाठ्यपुस्तके, गणवेश, आरोग्य तपासणी आणि दुपारचे शिजवलेले जेवण याच दारातून मुलापर्यंत पोहोचते. यांतील जेवणाचा विचार धर्मशास्त्राच्या दृष्टीने करू लागले की एक मूलभूत प्रश्न उभा राहतो: या अन्नाला ‘अन्नदान’ म्हणता येईल काय?

लोकव्यवहारात तसे सर्रास म्हटले जाते, आणि त्यामागील श्रद्धा खरी असते. परंतु शास्त्रकारांनी ‘दान’ या शब्दाला नेमका अर्थ दिला आहे. एखाद्या वस्तूवरील आपले स्वत्व, म्हणजे मालकी, सोडून देऊन तिच्यावर दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे म्हणजे दान होय. त्यामुळे जे मुळात आपले नाही, त्याचे दान करता येत नाही. आता कायद्याकडे पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला, आणि 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने त्या जेवणाला हक्काचे रूप दिले. प्राथमिक वर्गातील मुलासाठी 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने हे प्रमाण त्याच कायद्यात नमूद आहे. याचा अर्थ असा की धान्य शाळेत पोहोचण्यापूर्वीच त्याच्यावर मुलाचा अधिकार निर्माण झालेला असतो. शासन, पंचायत, शिक्षक किंवा बचत गट यांपैकी कोणाचेही त्याच्यावर स्वत्व नसते, आणि म्हणून त्यांपैकी कोणीही त्याचा दाता होऊ शकत नाही.

मग त्यांचे नाते कोणते? धर्मशास्त्राच्या व्यवहारकांडात त्यासाठी ‘निक्षेप’ हा शब्द आहे. निक्षेप म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे वादविषयांत, ऋणानंतर लगेच निक्षेपाचे स्थान आहे, आणि ठेव परत न करणाऱ्याला चोराप्रमाणे दंड सांगितला आहे. ज्या मनुस्मृतीने विद्येचे अधिकार जन्मावरून वाटले, तिचाच हा नियम आज सर्वाधिक वंचित मुलाच्या बाजूने उभा करता येतो, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. शाळेतील धान्याचा साठा ठेव मानला, तर डाळ पातळ करणे ही दानातील कसूर राहत नाही, तो ठेवीचा अपहार ठरतो. आणि जेवणाऱ्या मुलाने कृतज्ञतेने मान खाली घालावी, ही अपेक्षाही निराधार ठरते.

याच्याही मागे जाणारी एक कल्पना वैदिक वाङ्मयात आहे. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सर्वपरिचित आहेत. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथे, मनुष्यांचे ऋण सांगितले आहे, आणि माणसांना आश्रय व अन्न दिल्याने ते फिटते असे मानले आहे. येथे देणारा उपकारकर्ता नसून ऋणको आहे. 2001 चा न्यायालयीन आदेश या ग्रंथातून आला नाही, त्याचा पाया संविधानातील जीविताच्या अधिकारात आहे. तरीही दोन्हींची दिशा एकच आहे.

यावर एक आक्षेप संभवतो व तो गंभीर आहे. सर्व काही हक्क व ठेव यांच्या भाषेत मांडले, तर देण्यातील आर्द्रता नाहीशी होईल. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत श्रद्धेने द्यावे, लज्जेने, म्हणजे नम्रतेने द्यावे असे सांगितले आहे. कायद्याला अशी नम्रता निर्माण करता येत नाही. आक्षेपाचा हा भाग मान्यच केला पाहिजे. मात्र त्यातून जेवणाचे दोन थर वेगळे दिसू लागतात. धान्य, इंधन, मसाला हे मुलाचेच आहे. परंतु घरी वेगळी बोली बोलणाऱ्या, पहिलीत नव्याने आलेल्या लाजऱ्या मुलाला त्याच्या बोलीत हाक मारून पंक्तीत बसवणे, जातीचा विचार न करता सर्वांना एकाच ओळीत वाढणे, कोणाचे पोट भरले नाही हे ओळखणे, हे कोणत्याही साठ्यात नोंदलेले नसते. ते चुलीपाशी उभ्या असलेल्या स्त्रीचे स्वतःचे असते, आणि जे स्वतःचे आहे त्याचेच दान होते.

केंद्राच्या निकषानुसार तिचे मानधन 2009 पासून दरमहा 1000 रुपये आहे, राज्ये त्यात आपापली भर घालतात. शास्त्रात दान घेणाऱ्यावर ‘प्रतिग्रहा’चे, म्हणजे दान स्वीकारण्याचे, ओझे सांगितले आहे, येथे ते मुलावर येत नाही, कारण मुलाने आपलेच अन्न खाल्ले आहे. ते ओझे त्या समाजावर येते, ज्याने आपले ऋण तिच्या हातांनी फेडून घेतले आणि तिचे देणे मात्र अजून बाकी ठेवले.