पणाला कोणाचा जीव?

लष्करी किंवा लष्करासारख्या सत्तेखाली काम करणाऱ्या कामगार पुढाऱ्याविषयीचा विचार बहुधा त्याच्या धैर्यापाशी सुरू होतो आणि तिथेच थांबतो. वास्तविक धैर्य हा अशा जीवनातला तुलनेने सोपा भाग म्हणावा लागेल, कारण स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा निर्णय माणसाला एकट्याने घेता येतो. संपाची हाक देताना मात्र तो इतरांची रोजी, त्यांची झोपडी आणि प्रसंगी त्यांचे प्राणही पणाला लावत असतो, आणि तसे करण्याचा अधिकार त्याला कोठून मिळतो हा प्रश्न बंदुकीच्या राज्यात अधिकच तीव्र होतो.

लष्करी कायदा, म्हणजे मुलकी प्रशासन बाजूला सारून शहराचा कारभार लष्करी अधिकाऱ्याच्या हुकमाने चालवण्याची व्यवस्था, मराठी वाचकाला सोलापुरामुळे परिचित आहे. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर या गिरण्यांच्या शहरात लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, आणि 12 मेपासून जूनअखेरपर्यंत तेथे लष्करी कायदा राहिला. पुढे 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांत वावरणारे तरुण संपादक होते. त्या सत्तेने आपले रूप निदान लपवले नव्हते.

1975 ची आणीबाणी या अर्थाने लष्करी राजवट नव्हती, कारण पंतप्रधान, संसद आणि न्यायालये आपापल्या जागी होती. तरीही कामगार पुढाऱ्याच्या दृष्टीने फरक फारसा उरला नव्हता. अंतर्गत सुरक्षेच्या ‘मिसा’ कायद्याखाली खटल्याविना स्थानबद्ध करता येत होते, आणि जबलपूर प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा स्थानबद्धाला आपल्या सुटकेसाठी उच्च न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही असा निर्णय दिला. कायदेशीर किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणण्याचे काम याच काळात एका अध्यादेशाने उरकले गेले, आणि आणीबाणीतील शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांच्या स्मरणातून नेमकी हीच गोष्ट निसटते.

आज छत्तीसगडात असलेले रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते, आणि त्याच मुलखात मिसाखाली वर्षाहून अधिक काळ तुरुंगात राहिलेले शंकर गुहा नियोगी हे पूर्वी भिलाई पोलाद कारखान्यातून काढून टाकलेले कामगार होते. नोकरी गेल्यानंतर ते खेड्यांत राहिले, दानीटोलाच्या खाणीत मजुरी केली आणि तेथील समाजाचेच झाले. आणीबाणीच्या अखेरीस दल्ली-राजहरा येथील लोखंडाच्या खाणींतल्या ठेका कामगारांनी, म्हणजे खाणमालकाच्या यादीत नाव नसलेल्या आणि ठेकेदारामार्फत राबणाऱ्या मजुरांनी, प्रस्थापित संघटना सोडून स्वतःची संघटना उभारली आणि नेतृत्वासाठी नियोगींना बोलावले. पुढाऱ्याने कामगार शोधण्याऐवजी कामगारांनी पुढारी शोधला, ही बाब पुढच्या साऱ्या इतिहासात महत्त्वाची ठरते.

पावसाळ्यापूर्वी झोपड्या शाकारण्यासाठी बांबू-बल्लीचा भत्ता मिळावा, ही त्यांची एक मागणी होती. आणीबाणी उठून जेमतेम अडीच महिने झाले असताना, 2 जून 1977 च्या रात्री, पोलिसांनी नियोगींना पकडून नेले. त्यांच्या सुटकेसाठी कामगार अडून बसले, आणि त्या रात्री व दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारांत 11 जण मारले गेले. पुढारी जिवंत राहिला आणि त्याच्यासाठी उभे राहिलेले गेले. अशा मृत्यूंचे ऋण भाषणांत बलिदानाचा गौरव करून फिटत नाही, आणि नियोगींनी ते तसे फेडलेही नाही. मृतांच्या स्मरणार्थ कामगारांच्या वर्गणीतून व श्रमातून 1983 मध्ये शहीद अस्पताल उभे राहिले. दारूविरुद्धची मोहीम स्त्रियांच्या पुढाकाराने चालली. खाणींच्या पूर्ण यांत्रिकीकरणाला नुसता विरोध न करता हातांना काम ठेवणारे अर्ध-यांत्रिकीकरण मांडले गेले. संघर्षाबरोबर निर्मिती, असे त्या चळवळीचे सूत्र होते. निर्णय वस्त्यांच्या मुखियांच्या, म्हणजे कामगारांनीच आपल्यातून पुढे केलेल्या प्रतिनिधींच्या, बैठकांतून व्हावेत ही धडपड त्यातलाच भाग होती. संपाची किंमत ज्याला मोजायची आहे त्याने संपाविषयी आधी बोलावे, इतका तिचा अर्थ साधा होता. मात्र पोलिसांच्या पहाऱ्यात हा नियम पाळणे अवघड असते, कारण गुप्तता आणि सामूहिक विचार यांचे सहसा जमत नाही.

रायपूरला लागून असलेल्या बीरगांवच्या दृष्टीने ही कथा खाणीपुरती मर्यादित नाही. बीरगांवात राहणारा आणि शेजारच्या उरला औद्योगिक क्षेत्रात राबणारा मजूर खाणीतल्या ठेका कामगाराचाच भाऊबंद आहे, आणि 1990–91 मध्ये नियोगींचे आंदोलन भिलाईच्या खासगी कारखान्यांतून उरला, कुम्हारीपर्यंत पसरले ते कायम नोकरी, जगण्यापुरते वेतन आणि संघटनेचा अधिकार या मागण्यांवर. येथे लष्कर नव्हते, आणीबाणीही नव्हती. कामावरून काढणे, जुने खटले उकरणे आणि जिलाबदर, म्हणजे जिल्ह्याबाहेर घालवून देण्याची कारवाई, ही हत्यारे पुरेशी होती. त्यातही नवे काही नव्हते, कारण राजनांदगाव संस्थानातील गिरणी कामगारांना संघटित करणाऱ्या ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्यावरही 1920 च्या दशकात हद्दपारी लादली गेली होती. सत्ता बदलली तरी पुढाऱ्याला त्याच्या माणसांपासून तोडण्याची युक्ती टिकून राहते.

28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलाईत झोपेत असलेल्या नियोगींवर खिडकीतून गोळ्या झाडण्यात आल्या. आपल्या जिवाला धोका आहे हे त्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. कनिष्ठ न्यायालयाने उद्योजकांसह अनेकांना दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले, आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ गोळी झाडणाऱ्याला दोषी ठरवले. त्याआधीच, 1 जुलै 1992 रोजी, भिलाई पॉवर हाऊस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवरील गोळीबारात पंधराहून अधिक जण मारले गेले होते. नियोगींनी आपला मृत्यू पाहून ठेवला होता. रुळांवर बसलेल्यांपैकी किती जणांनी आपला पाहिला होता, हे कोणाला सांगता येणार?

पुढारी हिरावला गेल्यावर चळवळीचे काय होते, याचे एक दूरचे उदाहरण पाहता येते. ब्राझीलच्या लष्करी राजवटीने 1980 च्या एप्रिलमध्ये साव बर्नार्दोच्या धातुकामगार संघटनेचा ताबा घेऊन तिचे नेते लुला यांना तुरुंगात टाकले, तरी संप आणखी सुमारे तीन आठवडे चालला. पुढाऱ्याशिवाय तो चालला याचे श्रेय पुढाऱ्यालाही द्यावे लागते. छत्तीसगडात मात्र मिश्र चित्र दिसते: रुग्णालय चालू राहिले, संघटनेचा लाल-हिरवा झेंडा टिकला, आणि नियोगींचा छत्तीसगड मुक्ती मोर्चा पुढे गटांत विभागला. या फुटीला पोलीस आणि कारखानदारच जबाबदार आहेत, असे म्हणणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. ज्या प्रश्नांवर नियोगींचा शब्द अखेरचा ठरत होता ते प्रश्न त्यांच्या पश्चात कोणी सोडवायचे हे मुखियांच्या बैठकीला पुरते ठाऊक नव्हते, आणि एवढ्या बाबतीत त्या बैठकीचा सराव अपुरा राहिला होता.