पावसानंतरचा हात

बेसबॉलच्या सामन्यांत पावसानें तासाहून अधिक खंड पडला, कीं आरंभीच्या गोलंदाजास पुन्हां मैदानांत धाडावें काय, हा प्रश्न व्यवस्थापकापुढें उभा राहतो. गोलंदाज बहुधा 'मी तयार आहें' असेंच म्हणतो. परंतु निवालेला खांदा पुन्हां तापवून पूर्ण वेगानें चेंडू फेंकण्यांत इजेचें भय असतें. मग स्वतःच्या हाताचा धनी तो स्वतः नव्हे काय? आहे, पण सामन्याच्या भरांत दिलेला होकार विवेकाचा नसून अभिमानाचा असतो, असें आम्हांस वाटतें.

२००८ च्या वर्ल्ड सिरीजच्या पांचव्या सामन्यांत फिलाडेल्फियाच्या कोल हॅमल्सनें ७५ चेंडू फेंकले असतां, २-२ अशा बरोबरींत, पावसानें खेळ दोन दिवस थांबला. तो पुन्हां सुरू होतांच व्यवस्थापक चार्ली मॅन्युएल यांनीं हॅमल्सच्या जागीं दुसरा फलंदाज पाठविला व हॅमल्सचें काम संपलें. संघ जिंकला; मालिकेचा मानकरीही हॅमल्सच ठरला. परंतु यश आलें म्हणून निर्णय योग्य, असें आम्ही म्हणत नाहीं. पराभव झाला असता तरी तो योग्यच होता.

ज्याच्या हातीं दुसऱ्याचें शरीर सोंपविलें आहे, त्यानें मर्यादा आभाळ निरभ्र असतांनाच ठरवावी. ढग दाटल्यावर ठरविलेली मर्यादा गुणफलकाकडे पाहूनच ठरते.