मुक्कामाला आलेल्यांचं गाव

आज एका प्रश्नापाशी सावकाश बसू या. माणूस एखाद्या गावचा होतो, म्हणजे नेमकं काय होतं? उत्तराची घाई नको. वाचता वाचता मधेच थांबावंसं वाटलं तर खुशाल थांबा.

बसायला जागा हवी, म्हणून मनानं देवळाली कॅम्पात या. लॅम रोडनं आत शिरा. दुतर्फा जुनी झाडं, मोठ्या आवाराचे बंगले, आरोग्यभुवनं, मग बाजार. थोडं पुढे भगूर. कॅम्पातल्या एका रस्त्याचं नाव आजही रेस्ट कॅम्प रोड आहे. त्या नावापाशी उभे राहा. ही वसाहत विसावा घेऊन पुढे जाणाऱ्यांसाठी वसली, हे ते नाव अजून सांगतं.

१८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर आली. १८६९पर्यंत देवळालीत पाच हजार शिपाई राहू शकतील अशा बराकी उभ्या राहिल्या. विलायतेहून मुंबई बंदरात उतरलेली गोरी पलटण आधी इथे यायची आणि मग देशभर पांगायची. मुदत संपलेला शिपाईही इथेच येऊन परतीच्या जहाजाची वाट बघायचा. जहाजं थंडीच्या महिन्यांत सुटायची. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपली, त्याचे महिने नुसते वाट पाहण्यात जायचे. शेजारचं जुनं देवळाली गाव आपल्या म्हसोबासह, आपल्या जत्रेसह जिथल्या तिथे होतं. कॅम्पात मात्र हजारो माणसं राहत होती आणि त्यांतलं जवळजवळ कुणीच इथलं नव्हतं.

आता त्यांतला एकच शिपाई डोळ्यांपुढे आणा. वय बावीस-तेवीस. बराकीच्या ओसरीत बसलाय. नाव ठाऊक असण्याची गरज नाही. तो कुठून आला असेल, एवढंच बघू.

समजा, तो इंग्लंडातल्या एखाद्या खेड्यातला आहे. गावाच्या मध्यावर दगडी चर्च, भोवती दफनभूमी. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला, की प्रत्येक चर्चनं एक वही ठेवावी आणि बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद करावी. पुढची तीनशे वर्षं सामान्य इंग्रज माणसाचा लेखी पुरावा म्हणजे बहुतेक ती वहीच. राजेरजवाड्यांच्या इतिहासात ज्याला कधी जागा मिळाली नसती, त्या शेतमजुराचं नाव तिथे तीनदा तरी यायचं. या शिपायाचं एकदा आलेलं आहे. पुढचं कुठे लिहिलं जाईल, हे त्याला ठाऊक नाही.

अशी वही आपल्याला परकी नाही. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तुमचे आजोबा गेले असतील, तर तीर्थोपाध्यायांनी पहिल्यांदा गाव आणि आडनाव विचारलं असेल, मग बाड उघडून पणजोबांचं नाव वाचून दाखवलं असेल. आपली सही किंवा अंगठा त्या नामावळीत सोडूनच घरचे परतले असतील. आपल्या आधीच्या कुणीतरी कधीतरी इथे येऊन आपलं गाव सांगितलं होतं, हे कळल्यावर मनाला जे वाटतं, ते क्षणभर वाटू द्या.

आणि आता दुसरी बाजूही बघा, कारण ती लपवून हा विचार पुरा होणार नाही. इंग्लंडातल्या त्या चर्चमध्ये पुढचे बाक जमीनदाराचे, मागचे गरिबांचे. गावाची सामाईक कुरणं कुंपणं घालून खाजगी झाली, तेव्हा ज्यांची चराई गेली त्यांतल्या कित्येकांना शहर नाहीतर पलटण गाठावी लागली. आपल्याकडे तर पांढरी, गावठाण, वेस आणि वेशीबाहेरची वस्ती हा नकाशाच ठरलेला. गाव एखाद्याला जवळचा म्हणतं, तेव्हा कुणालातरी लांब ठेवून म्हणतं. ज्यांना गावाची ओढ वाटते, त्यांनी हेही मनात धरायला हवं.

बराकीतल्या शिपायाकडे परत या. रविवारची उपासना त्याच्यासाठी परेडच असते, हजेरीसकट. १० मे १८५७ला मेरठचा उठाव रविवारी संध्याकाळी झाला, त्यानंतर हिंदुस्थानातले गोरे शिपाई चर्चमध्येही बंदुका घेऊन बसू लागले. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आजही दिसतात. त्या खाचेवर मनातल्या मनात बोट ठेवा. प्रार्थनेला आलेल्या माणसाच्या हाताशी बंदूक. भोवतालच्या मुलखाशी आपलं नातं काय, हे त्या लाकडाइतकं स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही.

पहिल्या महायुद्धात देवळालीत लष्करी इस्पितळं होती. जे इथेच गेले, त्यांना इथल्या दफनभूमीत ठेवलं. पुढे देशभरच्या कॅम्पांतल्या अशा कबरी राखणं कठीण झालं, तेव्हा त्यांची नावं पुण्याजवळ खडकीच्या स्मारकावर कोरली गेली. ती अठराशेंहून अधिक आहेत. तिकडे इंग्लंडात जवळजवळ प्रत्येक खेड्यानं चर्चमध्ये किंवा चर्चपुढे युद्धात गेलेल्या आपल्या मुलांची यादी लावली. गेलेले सगळे परत आले, अशी खेडी शोधली तर पन्नासेकच सापडली. म्हणजे एका शिपायाचं नाव त्याच्या गावात, तेच नाव खडकीत, आणि देह देवळालीच्या मातीत. तो कुठल्या गावचा, यावर इथे थोडा वेळ गप्प बसा. मला स्वतःला वाटतं, ज्या मातीनं त्याला ठेवून घेतलं, त्या मातीचाही तो आहे.

आता उठा. कॅम्पातून नाशिककडे चला. शहरात त्र्यंबक नाक्याच्या अलीकडे-पलीकडे शरणपूर रोड लागतो. दुकानं, दवाखाने, गाड्यांची गर्दी. हे नाव ज्या गावाचं, ते गाव शहरानं केव्हाच पोटात घेतलं.

चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशकात १८३२मध्ये सुरू झालं. १८५०च्या दशकात रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तेव्हाच्या नाशिकबाहेर एक ख्रिस्ती गाव वसवलं आणि त्याला शरणपूर नाव दिलं. कुणासाठी? बाप्तिस्मा घेतला म्हणून ज्यांना घरानं बाहेर काढलं, त्यांच्यासाठी. १८५०च्या कायद्यानं धर्म बदललेल्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता, पण कायदा विहिरीवर पाणी भरू देत नाही आणि पंगतीला बसवत नाही. शिवाय अनाथ मुलं होती. आणि आफ्रिकेतली मुलं होती. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडायचं, सोडवलेली मुलं मुंबईत उतरवायचं आणि त्यांतली बरीच शरणपूरच्या आश्रमात यायची. इथे ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली.

इथे रेंगाळा. सगळी घाई इथे सोडा. गाव म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची माती, असं आपण मानतो. शरणपुरात एकाचीही पिढीजात माती नव्हती. कुणाचं कुलदैवत मागे सुटलेलं, कुणाला आईचा चेहराही आठवत नसलेला, कुणाच्या मूळ भाषेत बोलणारं आता दुसरं कुणी नसलेलं. हे गाव परक्या मिशनच्या पैशांवर आणि परक्या माणसाच्या शब्दावर चाललं, त्यात मालक आणि आश्रिताचं अंतर होतं, आफ्रिकी मुलांना त्यांच्या मूळच्या नावांऐवजी इंग्रजी नावं मिळाली. हे सगळं खरं. तरीही ज्यांना वहीत कुठेच जागा नव्हती त्यांच्यासाठी एक वही उघडली गेली, हेही तितकंच खरं. मी या दुसऱ्या सत्याच्या बाजूला अधिक झुकतो.

त्यांतला एक जेकब वेनराइट. १८६५मध्ये आफ्रिकेत शोधयात्रा करणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टननं आपल्या मोहिमेसाठी नाशिकच्या शाळेतली मुलं निवडली होती. १८७२मध्ये त्याच्या मदतीला आणखी नाशिककर गेले, त्यांत जेकब होता. १८७३च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात चितांबोच्या गावी वारला. सोबत्यांनी त्याचं हृदय एका झाडाखाली पुरलं. दफनाची प्रार्थना जेकबनं वाचली आणि झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानंच कोरली. मग देह उचलून ही माणसं दीड हजार किलोमीटरांहून अधिक चालली आणि १८७४च्या फेब्रुवारीत किनाऱ्याला पोहोचली. १८ एप्रिल १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी नेणाऱ्यांत जेकब होता. लहानपणी विकला गेलेला हा मुलगा एका दूरच्या माणसाला त्याच्या मातीत पोहोचवून आला. स्वतः तो १८९२मध्ये आफ्रिकेतल्या उरांबोला वारला.

लंडनमधल्या त्या दफनाच्या पुढच्याच वर्षी, १८७५मध्ये, प्राइस शरणपूरची आफ्रिकी मंडळी घेऊन मोंबासाजवळ गेले आणि फ्रिअर टाउन वसवलं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव त्याला दिलं. तिथल्या चर्चजवळ घंटा बसली, आणि घंटेच्या त्या जागेला मोंबासातले लोक अजून केंगेलेनी म्हणतात. नाशकात शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर तिथे १८८५मध्ये धर्मसेवेत दीक्षित झाले. गोदावरीकाठच्या एका छोट्या वसाहतीतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दुसरं गाव निघालं, हे नाशकातल्या किती शाळांत सांगितलं जातं?

शरणपूर मात्र संपलं नाही. संत आंद्रिया चर्चमध्ये मराठी मंडळी जमते. मराठी कवी नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग-ओवीच्या चालीत ख्रिस्ताची भजनं रचली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या; धर्मांतरामुळे घर कसं दुभंगतं आणि पुन्हा कसं उभं राहतं, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त वाचायला मिळतं. टिळकांच्या भजनांमुळे परकी प्रार्थना मराठी गळ्यात बसली. चर्च गावाचं झालं ते त्या दिवशी, असं माझं मत आहे.

आणखी एक आठवण बाजूला ठेवून चालणार नाही. याच शहरात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच असलेल्या, पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना देवळाचं दार उघडत नव्हतं. शेजारीच कुठून कुठून आलेल्या माणसांचं शरणपूर सुमारे पाऊणशे वर्षं नांदत होतं.

शेवटी पुन्हा कॅम्पात या. १९४७नंतर देवळालीत निर्वासितांची छावणी उघडली. सिंधमधून आलेली कुटुंबं तात्पुरती म्हणून उतरली. त्यांतली पुष्कळ इथलीच झाली. त्यांची दुकानं, मंदिरं, नातवंडं आज कॅम्पाची आहेत. मुक्कामाला आलेल्यांनी अखेर इथे गाव केलं.

तुमच्याही गावात असं एखादं घर असेल. फाळणीत, धरणात, दुष्काळात किंवा धर्म बदलल्यामुळे कुठूनतरी येऊन राहिलेलं. त्या घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी जाऊन बसा, ते कुठून आले, पहिली रात्र कुठे काढली, पाणी कुणी दिलं, हे विचारा आणि लिहून ठेवा. गावाचा इतिहास लिहायला कुणी बसेल, तेव्हा ही पानं त्याच्या हाती द्या.