बाळंतविडा आणि दानधर्म

आपल्याकडे घरात पाळणा हलला की बाळंतविडा येतो. अंगडी, टोपडी, दुपटी, लंगोट आणि बाळाच्या आईसाठी एखादे लुगडे. मावशी, आत्या, मामी यांपैकी कोणीतरी हौसेने तो घेऊन येते. 'तुम्हांला याची गरज आहे काय?' असे तेव्हा कोणी विचारीत नाही, आणि घेणाऱ्या मातेची मानही खाली जात नाही. मग हीच अंगडी-टोपडी एखाद्या संस्थेच्या हातून गरीब मातेला मिळाली म्हणजे तिला संकोच का वाटावा?

हा प्रश्न मला पडला तो काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुमारास. गरजू मातांना बाळाचे कपडे, साबण व मच्छरदाणी देण्याचा समारंभ होता. व्यासपीठावर पाहुणे होते, छायाचित्रकार होता. ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारण्याचे काम माझ्याकडे होते. एक तरुण माता नाव पुकारले तरी उठेना. मी पुन्हा पुकारले. तेव्हा कडेवरच्या बाळाचे तोंड पदराने झाकून ती मागच्या दाराने निघून गेली. 'गरज आहे, तरी केवढा हा ताठा!' असे त्या क्षणी माझ्या मनात आले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र जाणवले, की तिने झाकले होते ते बाळाचे तोंड, स्वतःचे नव्हे.

यावर कोणी म्हणतील, 'चौकशी न करता दिले तर लबाड माणसे फायदा घेतील. फुकट मिळण्याची सवय लागेल.' आक्षेप अगदीच निराधार नाही. देणग्या मर्यादित असतात, आणि त्यांचा हिशोब द्यावा लागतो. परंतु चौकशी करणे वेगळे आणि गरिबीचे प्रदर्शन मांडणे वेगळे. इंग्लंडमध्ये बाळांसाठी कपडे, डायपर, पाळणे गोळा करून मोफत देणाऱ्या अनेक संस्था आहेत. तेथे बहुधा सुईण, आरोग्यसेविका किंवा समाजसेवक कुटुंबाची गरज कळवितात. मातेला चारचौघांत हात पसरावा लागत नाही. फिनलंडने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. तेथे 1938 पासून अल्प उत्पन्नाच्या मातांना बाळाच्या वस्तूंची पेटी मिळू लागली. 1949 पासून ती सर्वच मातांना खुली झाली. अट एवढीच, की गरोदरपणी वेळेवर तपासणी करून घ्यावी. श्रीमंताच्या व गरिबाच्या घरी एकच पेटी जाऊ लागली, तेव्हा तिच्यात कमीपणा उरला नाही. ती सबंध देशाने पाठविलेला बाळंतविडाच झाली!

देणाऱ्याने स्वतःची हौसही आवरावी लागते. दुधाच्या पावडरीचा डबा आणि बाटली देणे आपल्याला मोठे पुण्याचे वाटते. पण फुकटचा डबा संपतो, तोवर आईचे दूध आटलेले असते; मग अस्वच्छ पाण्यात पातळ केलेले दूध बाळाच्या जिवावर बेतते. म्हणूनच आपल्या देशात 1992 च्या कायद्याने अनाथालये वगळता इतरांना अशा वस्तू दान करण्यास मनाई केली आहे. याउलट, मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मातृदुग्धपेढी सुरू केली. त्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूत झालेल्या सामान्य घरांतील माता आपले जास्तीचे दूध दुसऱ्या आईच्या अशक्त बाळासाठी देतात. तेथे देणारी उंचावर आणि घेणारी पायथ्याशी नसते. दोघीही बाळंतिणीच.

पॅरिसमध्ये 1833 साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह जे कार्य आरंभिले, त्यातून सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. गरिबाला आपल्या दारी न बोलाविता आपण त्याच्या घरी जावे, ही तिची रीत आहे. नात्यातली माणसेही असेच करतात. बाळ पाहायला आपण बाळाच्या घरी जातो. शिवाय बाळाचे कपडे चार-सहा महिन्यांत आखूड होतात. ते धुऊन, घडी घालून पुढच्या बाळासाठी देण्याची विनंती आपण त्या मातेलाही करू शकतो. मग घेणारी तीच देणारीही होते.

नाताळात आपण गव्हाणीपुढे गुडघे टेकतो. त्या बाळाच्या मातापित्यांनी मंदिरात पक्ष्यांची जोडी अर्पण केली, असे संत लूक सांगतो. कोकरू अर्पण करण्याची ऐपत नसलेल्यांसाठी नियमशास्त्राने दिलेली ती सवलत होती. म्हणजे पवित्र कुटुंबाचे नाव गरिबांच्या यादीत होते. ती यादी ध्वनिक्षेपकावरून वाचण्याचे धैर्य मला झाले असते काय?

त्या मातेचा संच त्या दिवशी मेजावर तसाच राहिला. तो तिच्या घरी नेऊन देण्याचे मला सुचले नाही. बाळ पाहायला म्हणून मी गेलो असतो, तर कदाचित तिने आनंदाने घेतला असता.