पिशवीतली पिशवी

माणूस चांगला वागतो तो कशामुळे? प्रश्न फार जुना आहे. पण माझ्यापुढे तो आला भाजीच्या पिशवीतून.

२०१८ साली महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपये दंड! एवढा आकडा कानांवर पडला की मास्तराला सद्बुद्धी सुचायला वेळ लागत नाही. मी खुंटीवरची कापडी पिशवी काढली आणि वर्गात धरणीमातेवर एक व्याख्यानही ठोकले. पुढे दंडाची भीती ओसरली. एके दिवशी बाजारात माझाच एक विद्यार्थी भेटला. "गुरुजी, द्या, मी धरतो," म्हणून त्याने पिशवी हाती घेतली. आत ओल्या कोथिंबिरीभोवती प्लॅस्टिकची पिशवी होती. त्याने ती पाहिली, पण तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

तेव्हापासून मी कोथिंबीर रुमालात बांधून आणतो. पण हे पृथ्वीच्या प्रेमापोटी, असे म्हणण्याची माझी छाती नाही. आधी दंडाचा धाक होता, मग पोराच्या नजरेचा. माझी आई भांडी विसळलेले पाणी अळूला घालीत असे. पर्यावरण हा शब्द तिला ठाऊक नव्हता. ते पाणी तिने स्वतः विहिरीतून ओढलेले असे, एवढेच.

सह्याद्रीतल्या देवराया देवाच्या धाकाने राहिल्या. हेतू भीतीचा होता म्हणून त्यांची सावली काही कमी पडली नाही. मात्र जिथे धाक सरला, तिथे कुऱ्हाड शिरली.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट मला म्हणूनच निराळी वाटते. १९८९ साली पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, श्रमदान केले. पाऊस किती पडला, पाणी किती आहे, याचा हिशेब मांडून मगच पिके ठरतात. नजर तिथेही आहेच. पण ती शेजाऱ्याची, ज्याच्या विहिरीचे आणि आपल्या विहिरीचे पाणी जमिनीखाली एकच. आमच्या गल्लीतला कचरा गाडी घेऊन जाते; तो कुठे जातो, ते आम्हांला दिसत नाही.

गेल्या दिवाळीत तोच विद्यार्थी फराळाला आला होता. निघताना त्याच्या आईसाठी चिवडा द्यायचा, म्हणून सौ.ने प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. मी लगबगीने डबा शोधू लागलो. तो समोर नसता तर शोधला असता का, हे मी अजून स्वतःला विचारलेले नाही. डबा मात्र त्याने दुसऱ्याच दिवशी घासून, पुसून परत आणून दिला. आत त्याच्या आईने चार करंज्या घातल्या होत्या.