नादाची आवड आणि नामाची गोडी

संगीताची आवड भक्तीला पोषक की बाधक, हा वाद आपल्या संप्रदायात जुना आहे. स्वर हा कानाचा विषय, आणि विषय तो विषयच, परमार्थी माणसाने त्यात रमू नये, असे म्हणणारी मंडळी आजही फडाफडांतून भेटतात. उलट चाल सुरेल नसेल तर चित्त अभंगावर ठरतच नाही, असे म्हणणारेही पुष्कळ. आमचे आयुष्य या दोघांच्या मध्ये उभे राहण्यात गेले.

हा प्रश्न आमच्यापुढे नव्याने आला तो जळगावी, एका सप्ताहात. कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध गृहस्थ भेटावयास आले. महाविद्यालयात गणित शिकवून सेवानिवृत्त झालेले. गाण्याचे वेड मात्र लहानपणापासूनचे. पहाटे तंबोरा, दिवसा फळा-खडू, रात्री पुन्हा तंबोरा. म्हणाले, "महाराज, पगार गणिताने दिला, जीव गाण्यात ठेवला. आता उरल्या दिवसांत हे गाणे देवापाशी रुजू होईल, की तेही एक व्यसनच होते?" असे विचारणारा माणूस प्रामाणिक असतो, म्हणून उत्तराची घाई आम्ही केली नाही.

आता पाहा, गणित आणि गायन यांचे शेजार आपल्या या मुलखाला नवीन नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (योगी चांगदेव वेगळे, बरं का) हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने तेथे मठ स्थापला. त्याच सिंघणाच्या दरबारी, देवगिरीस, शार्ङ्गदेव होता. हुद्द्याने श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा आणि हिशेबाचा मुख्य. आणि ग्रंथ लिहिला 'संगीतरत्नाकर'! त्यात सात स्वरांचे क्रम उलटसुलट मांडले तर ५०४० होतात, हा प्रस्तार त्याने दिला आहे. आणि अशाच मांडणीचे गणित 'लीलावती'च्या शेवटी अंकपाशात आहे. प्राध्यापकमहाशयांना हे सांगताच त्यांचा चेहरा खुलला. जन्मभर दोन घरे केली असे त्यांना वाटत होते, आणि भिंत तर मुळातच पातळ निघाली.

तथापि एवढ्याने शंका फिटत नाही. स्वरांची मोजदाद झाली म्हणजे भक्ती झाली, असे कोण म्हणेल? येथे शार्ङ्गदेवाचाच विचार कामी येतो. तो म्हणतो, मुनिजन ज्याची उपासना करतात तो अनाहत नाद मुक्ती देतो, परंतु त्यात रंजन नाही. आहत नाद, म्हणजे आपण गातो-वाजवतो तो, लोकांचे रंजनही करतो आणि भवाचे भंजनही करतो. ग्रंथ का लिहिला तेही त्याने सांगितले आहे : दानाने, विद्येने आणि औषधांनी लोकांची पीडा हरण केली, आता सर्वांचा त्रिविध ताप जावा म्हणून, आणि धर्म, कीर्ती व मोक्ष यांसाठी. कीर्तीचे नाव त्याने लपविले नाही, हा प्रांजळपणा आम्हांस फार आवडतो.

तेव्हा रंजनाला भिण्याचे कारण नाही. अडते ते 'माझे गाणे' येथे. आपल्या भजनात एकाने म्हणायचे आणि मागच्या टाळकऱ्यांनी उचलायचे. एखादा गवई इतकी लांब तान घेतो की टाळकऱ्यांचे तोंड उघडेच राहते; तान निर्दोष असते, पण अभंग तेवढा वेळ त्याच्या एकट्याच्या मालकीचा होतो. आमचे हे गृहस्थ पुढे धुळ्याकडच्या एका गावी हरिपाठाला उभे राहिले. परत येऊन तक्रार, की मंडळींचा सूर चढतो! आम्ही म्हटले, चढू द्या, तुम्हीही त्याच्याबरोबर चढा. बरोबर सूर ठाऊक असताना चार जणांच्या चढलेल्या सुरात आपला सूर मिळवणे, हे तंबोऱ्याच्या रियाजाहून कठीण आहे. सुरांची जाण सोडा असे आम्ही म्हणत नाही. हळूहळू सगळ्यांची पट्टी ठिकाणावर आणावी, पण आत राहून.

ह. भ. प. शंकर वामन ऊर्फ मामासाहेब दांडेकर (१८९६–१९६८) यांचे उदाहरण येथे आठवते. पुण्यास महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे प्राचार्य. आणि १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढणाऱ्या विष्णुबुवा जोगांचे शिष्य. त्यांचा वर्ग आणि त्यांचे कीर्तन यांत पोटाचे एक आणि जिवाचे एक अशी वाटणी नव्हतीच. अर्थात हे भाग्य तत्त्वज्ञान शिकविणाऱ्याला सोपे, गणितवाल्याला अवघड, हेही खरे.

एक गोष्ट मात्र बोलल्यावाचून राहवत नाही. गाणे कधी विकले नाही, याचे प्राध्यापकांना समाधान होते, आणि ते रास्तच. कीर्तनाचे मोल घेऊ नये ही तर आपली शिस्तच आहे. परंतु दरमहा पगार येत होता म्हणून गाणे न विकता राहिले, हाही हिशेब धरावा. पाटणच्या त्या शिलालेखाचा शेवट मराठीत आहे, आणि तो देणग्यांचा आहे. बाजारातल्या मालाचा आणि तेलघाण्याच्या तेलाचा वाटा मठाला लावून दिला आहे. घाणा ओढणाऱ्याच्या कष्टावर सिद्धान्तशिरोमणीचे पाठ चालले. आमच्यामागे पखवाजावर साथ करणारे दादा सप्ताहामागून सप्ताह वाजवतात. शेत दीड एकर, तेही कोरडवाहू. ताल त्यांचा असा पक्का, की आम्ही चुकलो तरी ते चुकत नाहीत. त्यांच्या हातावर बिदागी ठेवताना कुणी निरिच्छतेचे पाठ देऊ लागला, तर आम्ही मध्येच जयजयकार सुरू करतो.