दोन मिनिटांत उभं राहिलेलं माणूस

ब्रिटिश अभिनेत्री जोन हिक्सन यांची गोष्ट एका ठरावीक चालीवर सांगितली जाते. आयुष्यभर किरकोळ भूमिका केल्या, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बीबीसीने अगाथा ख्रिस्तींच्या रहस्यकथांतली वृद्ध हेर मिस मार्पल दिली, उशिरा का होईना कष्टांचं चीज झालं. मला ही मांडणी अन्यायाची वाटते. तिच्यात १९८४ पूर्वीची पाच दशकं नुसती वाट पाहण्यात गेलेली ठरतात.

१९०६ साली नॉर्दम्प्टनजवळ त्यांचा जन्म झाला. लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत शिकून १९२७ साली त्या रंगभूमीवर आल्या आणि तिशीच्या दशकात चित्रपटांत. घरमालकीण, नर्स, मोलकरीण, शेजारीण अशा भूमिका. नायिकेला माणूस उभं करायला दोन तास मिळतात. हिक्सनना दोन मिनिटं मिळत, त्यामुळे दारातून आत येतानाच त्या बाईचं सगळं मागचं आयुष्य तिच्यासोबत यावं लागे. ‘कॅरी ऑन नर्स’ (१९५९) या विनोदपटात त्या वॉर्डातल्या सिस्टर आहेत. आजूबाजूला हशा वसूल करण्याची चढाओढ चाललेली असताना त्या सिस्टरचं काम मनापासून करतात. त्यांची शिस्त खरी वाटते, म्हणूनच रुग्णांच्या खोड्यांना गंमत येते. वॉर्ड खरा वाटला नसता तर हसायचं कशाला?

१९६१च्या ‘मर्डर, शी सेड’मध्ये मार्पल आहेत मार्गारेट रदरफर्ड: दणदणीत, पडदा व्यापून टाकणाऱ्या. त्याच चित्रपटात घरकाम करणारी मिसेस किडर म्हणून हिक्सन वावरतात. रदरफर्ड मला आवडतात, पण ख्रिस्तींची मार्पल अशी नाही. खोलीत म्हातारी बसली आहे हे लोक विसरतात, मोकळेपणी बोलतात आणि तिथेच फसतात. अशा विसरल्या गेलेल्या जागेवर जिवंत कसं राहायचं, हे त्या घरातल्या मिसेस किडरलाच अधिक ठाऊक होतं.

बीबीसीच्या मालिकेत हिक्सन ऐकतात कशा ते पाहावं. समोरचा खोटं बोलत असतो आणि त्या त्याचं वाक्य पुरं होऊ देतात. घाई नाही, भुवई उंचावणं नाही. दुसऱ्याच्या प्रसंगाला धक्का न लावता त्यात पूर्णपणे असणं ही छोट्या भूमिकांनी दिलेली विद्या आहे. १९९२पर्यंत मार्पलच्या बाराही कादंबऱ्या त्यांनी याच विद्येवर पेलल्या.

आणि ती ओळखायला सगळ्यांनाच १९८४ उजाडावं लागलं नव्हतं. ॲलन एकबर्न यांच्या ‘बेडरूम फार्स’मधल्या वृद्ध पत्नीसाठी त्यांना १९७९ साली ब्रॉडवेवर टोनी पुरस्कार मिळाला. त्याच्याही कितीतरी आधी, चाळिशीच्या दशकात, ख्रिस्तींनी आपल्याच ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’ नाटकात त्यांना पाहिलं होतं. भूमिका दुय्यम, हिक्सन तेव्हा चाळिशीच्या आसपास. तरीही ख्रिस्तींनी त्यांना चिठ्ठी पाठवली: कधीतरी माझी मिस मार्पल तुम्ही करावी.